मृणालीच्या नावाची फळं

भिवंडीजवळच्या वडप्यात, आपल्या गोडाऊनच्या फाटकाशी केसरीनाथची खुर्ची असायची. प्लास्टिकचीच, पण एकात एक घातलेल्या दोन, कारण एकटी खुर्ची त्याच्याखाली टिकत नसे. जिथे त्याच्या बापाचं खळं होतं तिथेच आता ती सकाळी मांडली जाई आणि दिवेलागणीला उचलली जाई. मधल्या वेळात केसरीनाथ ट्रकांची ये-जा बघायचा, ड्रायव्हरांशी हिंदीत गप्पा हाणायचा आणि समोरच्या टपरीवर जे तळून निघेल ते मागवायचा. वडा, भजी, समोसा, काही वर्ज्य नव्हतं. रात्री मटण असलं तर भाकऱ्यांना अंत नसे, आणि मटणाच्या आधी जे लागतं तेही असायचंच.

हाच माणूस एके काळी गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भात लावायचा आणि संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात उतरायचा. मग हायवेच्या कडेची शेतं भाड्याने गेली, त्यांवर पत्र्याची गोडाऊनं उभी राहिली आणि वडप्यातल्या सगळ्या मालकांसारखा तोही बसून खाणारा झाला. अंगाचं काम गेलं, ताट मात्र तेवढंच राहिलं. लोक कौतुकानं म्हणायचे, केसरीनाथ भरला. भरला कसला, सुजला होता. जिना चढताना मध्ये थांबून तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राही, जणू तिथी पाहायची आहे. बायकोला ते कळत होतं. पण मालकाचं पोट म्हणजे घराची बरकत, असं मानणाऱ्या गावात ती तरी काय बोलणार?

बायको गोदू. मूल एकच, मृणाली, एकवीरेला नवस बोलून उशिरा झालेली. ती बी.कॉम. झाली आणि पलीकडच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात शिफ्टला जाऊ लागली. बापाला ते आवडत नव्हतं, घरच्या एवढ्या जागा असताना पोरीनं दुसऱ्याच्या जागेत चाकरी कशाला करायची? पण पोर हट्टाची. मग तिचे पाय सुजायला लागले. जेवण नकोसं झालं, तोंडाला सारखी कडू चव. गोदूनं दृष्ट काढली, ओळखीच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. खरं कळलं तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. भिवंडीतल्या डायलिसिस सेंटरला आठवड्यातून तीनदा जायचं, अर्धा दिवस मशीनला जोडून पडायचं आणि उरलेल्या वेळात त्यातून सावरायचं, एवढंच मृणालीचं आयुष्य झालं. पाणीसुद्धा मापून.

किडनी द्यायची तर घरातल्यानं, असं ठरलं. गोदूचा रक्तगट जुळला नाही. केसरीनाथचा जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या. त्या दिवशी तो ठाण्याच्या हॉस्पिटलमधून बाहेर आला तो लग्न ठरल्यासारखा हसत होता. पण पुढच्याच खेपेला तिथल्या डॉक्टरीण बाईंनी त्याला समोर बसवून सरळ सांगितलं.

"तुमची किडनी चांगली आहे. पण या वजनावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. लिव्हरवर चरबी आहे, आणि साखर अगदी काठावर उभी आहे. ती काठ ओलांडून गेली, तर तुम्ही दाता म्हणून बाद. मग कितीही वजन उतरवा, उपयोग नाही."

"मंग करायचा काय? तुमी सांगा, मी करतो," केसरीनाथ म्हणाला.

बाईंनी सांगितलं. दारू बंद, तळलेलं बंद, दोन भाकऱ्या कमी, रोज चालणं. आणि भूक लागेल तेव्हा टपरीकडे न बघता एखादं ताजं फळ. पेरू, पपई, सफरचंद सालासकट, असं काहीतरी. फळानं पोट भरतं, चोथा पोटाला बरा, आणि तळलेल्याच्या मानानं अंगावर काहीच चढत नाही. "पण दोन गोष्टी लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "फळ तळलेल्याच्या जागी खायचं, जेवणावर आणखी म्हणून नाही. आणि चावून खायचं. रस काढायचा नाही."

केसरीनाथनं मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कुणाचं ऐकायचं ठरवलं होतं, आणि सांगायला पाहिजे, त्यानं ऐकलंही.

दिवाळीनंतरचे दिवस होते. भिवंडीच्या बाजारातून गोदू पेरू आणायची. दुपारी टपरीवरून भज्यांचा वास सुटला की केसरीनाथ दातांखाली पेरू धरायचा आणि तोंड वाकडं करून चावत बसायचा. टपरीवाला हसायचा, ड्रायव्हर हसायचे. सकाळी तो सर्व्हिस रोडनं चालायला जायचा, एका बाजूला ट्रेलरांची रांग, दुसऱ्या बाजूला नाला. परत येताना गोडाऊनमधल्या माल तोलायच्या काट्यावर उभा राहायचा. हमाल खोके बाजूला सारून मालकाला जागा द्यायचे आणि आकडा बघून "सेठ, आज फिर कम" असं ओरडायचे. संक्रांतीपर्यंत एका खुर्चीत भागू लागलं. जिन्यावर कॅलेंडर बघायची गरज राहिली नाही. होळीच्या आधी रक्त तपासलं तेव्हा साखर काठापासून मागे सरकली होती, लिव्हरही सुधारलं होतं. डॉक्टरीण बाई हसल्या. "हेच असंच चालू ठेवा. यात काही वाढवू नका, कमी करू नका. आणखी थोडं वजन उतरलं की जूनमध्ये तारीख धरू."

त्या दिवशी गाडीत मृणाली मागच्या सीटवर बसून रडली, आवाज न करता. आरशात केसरीनाथला ते दिसलं. त्यानं गाडी थांबवली नाही, पण त्याचेही डोळे भरून आले होते.

इथवर सगळं सुरळीत होतं. माणूस एकटा असता तर सुरळीतच राहिलं असतं. पण वडप्यात कुणी एकटा नसतो.

केसरीनाथ पोरीला किडनी देतोय, जूनमध्ये ऑपरेशन आहे, ही बातमी भावकीत पसरली आणि लोक भेटायला येऊ लागले. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. शहाळी आली, केळी आली, द्राक्षांच्या पेट्या आल्या. चुलतभाऊ रघूच्या जागेत एका फळांच्या व्यापाऱ्याचं शीतगृह होतं. तो व्यापारी मालकाला खूश ठेवायला पेट्या पाठवायचा, त्या रघू तशाच टेम्पोतून इकडे उतरवायचा. "दादूस, ह्या आपल्या मृणालीच्या नावाच्या," असं म्हणायचा आणि पंख्याखाली बसायचा.

मृणालीला त्यातलं जवळजवळ काहीच चालत नव्हतं. बिघडलेल्या किडनीला केळं, संत्रं, आंबा, शहाळ्याचं पाणी म्हणजे विषच. त्यातला क्षार रक्तात साचतो आणि काळीज बंद पाडतो, असं सेंटरमधल्या सिस्टरनं बजावून ठेवलं होतं. सफरचंदाची एखादी फोड, एवढीच तिची चैन. घरात फळांचा ढीग आणि ज्याच्या नावानं तो आला त्यानं हात लावायचा नाही.

मग ती फळं परत पाठवावीत, शेजारी वाटावीत, हमालांना द्यावीत? तेही नाही. गोदूच्या सासूनं तिला शिकवलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं: आजाऱ्याच्या नावानं आलेलं फळ घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यात माणसांचे आशीर्वाद असतात, ते बाहेर गेले की आजारी माणसाचं आयुष्य त्यांच्यामागून जातं. फेकायचं तर त्याहून नाही. घराण्याच्या रक्ताच्या माणसानं खाल्लं म्हणजे आजाऱ्यानं खाल्ल्यासारखंच. एरवी गोदू असल्या गोष्टींना हसली असती. पण पोर मशीनवर असताना हसायची हिंमत कुणाला होते?

गोदू तर सून, म्हणजे घरात घराण्याच्या रक्ताचं माणूस एकच, केसरीनाथ. आणि त्याला तर डॉक्टरनंच फळं खायला सांगितली होती. सगळं कसं जुळून आलं होतं.

आधी तो पेरूवर एक केळं खाऊ लागला. मग द्राक्षांचा घड. मग गोदूनं पाहिलं की त्याचे दात आंबतात, जबडा दुखतो, आणि पेट्या तर खाली पडून नासायला लागल्या आहेत. तिनं माळ्यावरचा मिक्सर काढला.

"रस नगो म्हनाली ती डाक्टरीन," केसरीनाथ म्हणाला.

"ती बाजारातल्या रसाचा बोलली असंल. त्यात साखर घालतात," गोदू म्हणाली. "मी चिमटीभर पन घालत न्हाय. ह्यो निस्ता फलाचा जीव हाय. चोथ्यात काय ऱ्हातंय?"

मृणाली आतल्या खाटेवर होती. तिनं एकदा हाक मारून सांगितलं, "पप्पा, डॉक्टर म्हणाल्या होत्या चावून खायचं."

"अगो बाय, एवढा सगला चावायचा तर मना दुसरा जबडा बसवाया लागंल," तो म्हणाला आणि गोदू हसली. मृणालीही हसली. विषय तिथेच संपला.

केसरीनाथची समजूत अगदी साधी होती. एका पेरूनं एवढा फरक पडला, तर तांब्याभर रसानं किती पडेल? भाताला युरिया जास्त झाला की रोप माजतं आणि लोंबी पोकळ निघते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण शेतातलं शहाणपण शेताबरोबरच भाड्यानं गेलं होतं. सकाळी द्राक्षांचा रस, दुपारी कलिंगडाचा, संध्याकाळी मोसंबीचा. कुणी भेटायला आलं की त्याच्यासमोर एक पेला, कारण आणणाऱ्याचं मन राखायला पाहिजे. काट्यावर वजन अडून बसलं तेव्हा त्यानं भाकरी आणखी कमी केली, मासळी सोडली आणि रस वाढवला. मटण सोडलेला, दारू सोडलेला, भाकरीसुद्धा सोडलेला बाप. गावात त्याचं उदाहरण देऊ लागले. अति तेथे माती म्हणतात, पण ज्याला लोक तपश्चर्या म्हणताहेत त्याला अति कोण म्हणणार?

एप्रिलमध्ये आंबे आले. आंब्याच्या पेट्या तर रघू स्वतः उभा राहून फोडायचा. आणि आंब्यांबरोबरच केसरीनाथचं वजन धडाधड उतरू लागलं. हमाल टाळ्या वाजवायचे. पँट कमरेवर ठरेना. गाल बसले, गळ्याचं कातडं लोंबायला लागलं, आणि लोक म्हणायचे, बघा, फळांची ताकद.

तहानही लागू लागली. आधी थोडी, मग न भागणारी. उन्हाळा आहे, तो म्हणायचा. माठाशी जाऊन उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायचा, वर रसाचा पेला, आणि घटकाभरात पुन्हा घसा कोरडा. लघवीला सारखं उठायला लागायचं. फाटकाशी खुर्चीवर बसणं अवघड झालं, कारण दर थोड्या वेळानं घराकडे पळावं लागे. पण याचंही उत्तर त्याच्याकडे तयार होतं, आणि ते त्यानं रघूला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"किडनी धुवून निघतेय रं. एवढं पानी, एवढा रस, सगली घान बाहेर जातेय. पोरीला मी काय जुनी, मलकी किडनी देऊ? धुवून, साफ करून देनार."

रघूचे डोळे पाणावले. त्याच संध्याकाळी त्यानं आणखी दोन पेट्या पाठवल्या.

मे महिन्याच्या शेवटी तो ठाण्याला गेला तेव्हा डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं त्याहूनही वजन खाली आलेलं होतं. नवा सदरा घालून गेला होता तो. गोदूनं देवाला नारळ ठेवला होता. बाईंनी त्याला दारातून आत येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. वजन बघून त्या हसतील असं त्याला वाटत होतं. त्यांनी वजन विचारलंच नाही.

"पाणी किती पिता?" त्यांनी विचारलं.

त्यानं सांगितलं. लघवीचंही सांगितलं, धुतल्याचंही, जरा लाजत, जरा मिरवत.  बाईंनी तिथेच बोट टोचून साखर बघितली आणि मग रक्त खाली लॅबमध्ये पाठवलं. साखरेचा आकडा ऐकून केसरीनाथला काही कळलं नाही, पण बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरनं गोदूला हात धरून खुर्चीत बसवलं, तेव्हा कळलं.

"काय खात होता तुम्ही?"

"फलं. तुमी सांगितल्यावानी. दुसरा काय न्हाय, शपथ घेतो. भाकरी पन सोडली."

"कशी? चावून?"

तो गोदूकडे बघू लागला. गोदू जमिनीकडे.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक फळ चावून खाल्लं की त्यातली साखर हळूहळू येते आणि पोट भरलं की माणूस थांबतो. एका पेल्यात तुम्ही पाच-सहा फळांची साखर गटकन पीत होता, दिवसभर. तुमचं शरीर आधीच काठावर होतं, ते ढकललं गेलं. हे वजन फळांनी उतरवलेलं नाही. साखर अंगातून लघवीवाटे वाहून जात होती, तिनं उतरवलंय. तहान त्याचीच होती."

"मंग आता गोल्या द्या. मी करतो पुन्हा. तुमी बोलाल तसा करतो. येक पन थेंब पिनार न्हाय."

"गोळ्या देणारच आहे, आजपासून. नाहीतर तुमच्याच किडन्या जातील. साखर ताब्यात येईल. पण दाता म्हणून तुम्हाला आता घेता येणार नाही."

"कवाच न्हाय?"

"नाही." मग त्या म्हणाल्या, "मृणालीचं नाव प्रतीक्षा यादीत घालू. वेळ लागतो, पण मृत दात्याची मिळते कधीकधी."

परत येताना गाडी त्याला चालवता आली नाही. रघूला बोलावून घ्यावं लागलं. मानकोलीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकून पडली. गोदूच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, मिक्सर माळ्यावरून आपण काढला. ती ते बोलली नाही, पण पुढे कितीतरी दिवस ती स्वयंपाकघरात गेली की उभ्याउभ्या तिचा हात थांबायचा. घरी पोचल्यावर तिनं उरलेल्या सगळ्या पेट्या उचलून उकिरड्यावर नेऊन ओतल्या. सासूचं सांगणं, आशीर्वाद, आयुष्य, सगळ्यासकट. बघणारे म्हणाले, गोदूचं डोकं फिरलं. फिरलं असेल तर फार उशिरा फिरलं, एवढंच म्हणता येईल.

मृणालीला सांगायचं कुणी? केसरीनाथ म्हणाला, मीच सांगतो. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. भिवंडीच्या त्या सेंटरमध्ये खाटा ओळीनं लावलेल्या, प्रत्येक खाटेशी एक मशीन, प्रत्येक मशीनशी एक माणूस. पॉवरलूमवर काम करून थकलेला म्हातारा बिहारी, एक बुरख्यातली बाई, एक रिक्षावाला. त्यातल्या निम्म्यांची सुरुवात साखरेनंच झालेली. केसरीनाथ मृणालीच्या उशाशी स्टुलावर बसला. तिचं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत आत येत होतं.

त्यानं सगळं सांगितलं. रस, साखर, तहान, डॉक्टरीण बाई. काही लपवलं नाही आणि गोदूचं नावही घेतलं नाही. "मीच घालवली बाय. तुजी किडनी मीच पिऊन टाकली," असं तो म्हणाला.

मृणाली छताकडे बघत होती.  मग तिनं मान त्याच्याकडे वळवली.

"पप्पा, मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही दुपारी माठाशी उभे राहायचात. दोन तांबे, तीन तांबे. मी खाटेवरून बघायचे. इथे या लोकांबरोबर बसून बसून मला कळतं ना, ती तहान कसली असते. हे बाजूचे चाचा तसंच सांगतात. मला पहिल्या आठवड्यातच कळलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "पण वजन उतरत होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वजन उतरलं की तारीख. मला वाटलं, जूनपर्यंत कसंतरी निघेल. ऑपरेशन होऊन जाईल, मग सांगू, मग तुम्ही गोळ्या घ्याल. म्हणून गप्प बसले. तुम्हाला काहीही झालं असतं पप्पा, आणि मी गप्प बसले. मला जगायचं होतं."

केसरीनाथला राग यायला हवा होता का? त्यानं मनात शोधून पाहिलं, राग कुठेच नव्हता. होती ती एवढी मोठी कीव, की तिच्या वजनानं स्टूल मोडेल असं वाटावं. त्याच्या पोरीनं बापाचा जीव पणाला लावला होता, आणि तो डावसुद्धा हरला होता. आता दोघांपैकी कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं. त्यानं तिच्या मोकळ्या हातावर आपला हात ठेवला. तो हात पूर्वीसारखा जाड राहिला नव्हता, कातडीच तेवढी मोठी उरली होती.

"मंग जग ना बाय," तो म्हणाला. "कशी जगशील ते मना ठाव न्हाय. पन जग."

तिनं डोळे मिटले. मशीनचे अजून बरेच तास बाकी होते, आणि केसरीनाथ तसाच हात धरून बसून राहिला.